कोपराचा गूळ

अपुऱ्या राहिलेल्या इच्छेसाठी मराठीत शब्दांचा तोटा नाही. मृगजळ आहे, त्रिशंकू आहे, अलीकडे गाजरही आले आहे. आपल्या समीक्षेने हे शब्द इतके वापरले की त्यांच्या कडा झिजून गेल्या. दलित कवितेवर किंवा आत्मकथनावर कोणी लिहायला बसला की दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदात मृगजळ हटकून येते. स्वातंत्र्याचे मृगजळ, समतेचे मृगजळ, शिक्षणाचे मृगजळ. प्रस्थापित समीक्षकांनी हा शब्द वापरावा यात नवल नाही. पण आमचे तरुण लेखकही आपल्या संग्रहांच्या मनोगतात तोच उचलतात, याचे मला वाईट वाटते. कारण हा शब्द आमच्या अनुभवाशी बेइमान आहे.

मृगजळात असते काय? ऊन, वाळू आणि तहानलेले हरीण. हरणाला कोणी फसवलेले नसते. दोष द्यायचाच तर तो हरणाच्या डोळ्यांना द्यावा लागतो. म्हणजे मृगजळ म्हटले की पाणी अडवून बसलेला माणूस चित्रातून अलगद बाहेर पडतो आणि मागे उरते ती तहानलेल्याची समजुतीची चूक. महाडचे चवदार तळे मृगजळ नव्हते. त्यात पाणी होते. जनावरे ते पीत होती. मुंबई कायदेमंडळात १९२३ साली सी. के. बोले यांचा ठराव झाला होता, महाडच्या नगरपालिकेने तळे सर्वांना खुले असल्याचे १९२४ साली मान्यही केले होते. कागदावर पाणी आमचे झाले होते. तरी मार्च १९२७ मध्ये बाबासाहेबांना हजारो माणसे घेऊन तेथपर्यंत चालत जावे लागले आणि ओंजळभर पाणी प्यायल्याबद्दल लोकांची डोकी फुटली. या सगळ्या प्रकाराला मृगजळ म्हणणारा लेखक कितीही सहानुभूतीने लिहीत असो, तो तळ्याच्या काठावर काठ्या घेऊन उभे असलेल्यांना मोकळे सोडतो.

त्रिशंकूची गोष्ट याहून वाईट. शिकलेल्या दलिताची ‘त्रिशंकू अवस्था’ हा आपल्या चर्चासत्रांतला लाडका विषय आहे. गाव सुटले, शहराने स्वीकारले नाही, म्हणून तो मधल्यामध्ये लोंबकळतो, असे सांगतात. पण त्रिशंकू हा राजा होता आणि त्याला सदेह स्वर्गात जायचे होते. त्याची इच्छाच मर्यादेबाहेरची होती असे कथाकाराला सुचवायचे आहे. आमचा पदवीधर स्वर्ग मागत नाही. तो जाहिरातीत छापलेली जागा मागतो, आणि ती त्याच्याच प्रवर्गासाठी असल्याचे जाहिरातीतच लिहिलेले असते.

इंग्रजीत अशा छळासाठी जे क्रियापद आहे ते ग्रीकांच्या टँटलसवरून आले. टँटलस हनुवटीपर्यंत पाण्यात उभा आहे. प्यायला वाकला की पाणी ओसरते. डोक्यावर फळांनी लगडलेली फांदी आहे, हात वर केला की वारा ती दूर नेतो. चित्र जबरदस्त आहे आणि आपल्यापैकी काहींना ते मोहवते. पण ही शिक्षा टँटलसला का झाली ते विसरू नये. त्याने देवांचा अपराध केला होता. कोणी सांगतो देवांचे अन्न चोरले, कोणी सांगतो पोटचा पोर मारून देवांना वाढला. आधी पाप आणि मग ही तहान. हे गणित आपल्या ओळखीचे आहे. गेल्या जन्मीचे पाप आणि या जन्मीची अस्पृश्यता हे सांगणाऱ्या शास्त्राला टँटलस परका वाटणार नाही. पश्चिमेकडून आले म्हणून ते रूपक पुरोगामी ठरत नाही.

आणि गाजर. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत निवडणुकीच्या तोंडावर ते दिसतेच. त्याविषयी फार बोलण्यासारखे नाही. गाजर दाखवतात ते जनावराने गाडी ओढावी म्हणून. तेथे दाखवणाऱ्याला काम करून घ्यायचे असते. आमच्याकडून काम तर बलुत्यात फुकटच करून घेतले जात होते.

या सगळ्या शब्दांना बाजूला सारून मी जो शब्द पुढे करू इच्छितो तो पंडितांच्या कोशातून शोधून काढलेला नाही. तो घराघरांत आहे. ‘कोपराला गूळ लावणे.’ शाळेच्या वाक्प्रचारांच्या यादीत त्याचा अर्थ आशा दाखवून फसवणे असा सांगतात. मुले तो पाठ करतात, वाक्यात उपयोग करतात आणि दोन गुण मिळवतात. मी भंडारा जिल्ह्यात अनेक वर्षे मराठी शिकवतो आहे आणि हा अर्थ मला अपुरा, किंबहुना चुकीचा वाटतो. यात फसवणूक नाही. फसवणूक कळली की संपते. कोपराला गूळ लावला आहे आणि जीभ तेथे पोचत नाही, हे लावणाऱ्याला ठाऊक असते, ज्याला लावला त्याला ठाऊक असते आणि भोवती उभे राहून हसणाऱ्यांनाही ठाऊक असते. तरी वास येतो, तरी मान वळते, तरी जीभ बाहेर येते. कळूनही न थांबणारी ही गोष्ट आहे.

जवळचे इतर वाक्प्रचार शेजारी ठेवून पाहिले की फरक लक्षात येतो. तोंडाला पाने पुसणे यात जेवण नसतेच, जेवल्याचा देखावा असतो. हुलकावणीत वस्तू दिसते आणि निसटते. टांगणीला जीव लागतो तेव्हा निकाल अजून व्हायचा असतो. झुलवणे हा शब्द बराच जवळ येतो, कारण झुलवायला कोणीतरी झुलवणारा लागतो. उत्तम बंडू तुपे यांनी जोगतिणीच्या जीवनावरच्या आपल्या कादंबरीला ‘झुलवा’ हे नाव दिले ते जोगतिणींच्या बोलीतून घेऊन. पण त्या शब्दात एक धार्मिक आणि शारीरिक अर्थ मिसळलेला आहे, तो निराळ्या लेखाचा विषय होईल. झुलवण्यात वस्तू कोठे आहे हे सांगितलेले नसते. कोपराच्या गुळात ते नेमके सांगितले आहे. गूळ खरा आहे. तो दुसऱ्याच्या कोठारात नाही, आकाशात नाही, पुढच्या जन्मात नाही. माझ्याच अंगावर आहे. कोणी विचारले तर लावणारा निर्धास्तपणे सांगू शकतो, ‘दिला की! त्याच्याच हाताला आहे, बघा.’ आणि खाल्ला नाही याचा दोषही मग माझ्याच मानेचा, माझ्याच जिभेचा ठरतो.

गुळाचे आणखी एक सांगून टाकतो. आमच्या जिल्ह्यात तो वाक्प्रचारापुरता नव्हता. कोहळी समाजाने येथे तलाव बांधले आणि उसाची शेती केली, हे रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ सालच्या ग्रंथातही नोंदवून ठेवले आहे. तलावांना लोक आजही मामा तलाव म्हणतात. नात्यातला मामा नव्हे, ‘माजी मालगुजारी’चे लघुरूप. मालगुजारी गेली, नावापुरती तलावाला चिकटून राहिली. ऊस तोडणारे, गुऱ्हाळावर राबणारे हात कोणाचे आणि ढेप कोणाच्या घरात, हे येथल्या वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही.

आता साहित्याकडे येतो. दलित साहित्याला वेदनेचे साहित्य म्हणण्याची एक रीत पडून गेली आहे. वेदना, विद्रोह, नकार, अशी एक माळ तयार आहे आणि कोणतेही पुस्तक आले की ती त्याच्या गळ्यात घातली जाते. पण भूक ही एक गोष्ट आणि भुकेल्याच्या कोपराला गूळ लावणे ही दुसरी. भूक म्हणजे अभाव. दुसऱ्या गोष्टीत दोन माणसांमधला व्यवहार आहे, त्यात एक जण खेळ करतो आहे आणि दुसऱ्याच्या देहाचा त्यासाठी वापर होतो आहे. हा व्यवहार आमच्या आत्मकथनांत जागोजाग आहे. समीक्षेने तो वेगळा काढून दाखवला नाही.

कुमुद पावडे यांचे ‘अंतःस्फोट’ १९८१ साली आले. त्यातील संस्कृतच्या शिक्षणाविषयीचे लेखन सर्वांच्या वाचनात असेल. नागपूरची एक महार मुलगी संस्कृत शिकते, एम. ए. होते. ज्या भाषेचा शब्द कानावर पडणेसुद्धा जिला निषिद्ध होते तिच्यात ती पदवी मिळवते. कौतुक होते, सत्कार होतात. या कौतुकातच जातीचा उल्लेख कसा तिखटासारखा पेरलेला असतो हे त्यांनी फार नेमकेपणाने दाखवले आहे. मात्र नोकरी मिळत नाही. पुढे कुमुद सोमकुवरची कुमुद पावडे होते, आंतरजातीय विवाहाने नाव बदलते, आणि मग संस्कृतच्या अध्यापनाची जागा मिळते. आपल्या ज्ञानापेक्षा आपले नवे आडनाव कामी आले हे त्या स्वतःच कोणतीही भीडभाड न ठेवता सांगतात.

समीक्षकांनी याला जिद्दीची कहाणी म्हटले. जिद्द आहेच. पण माझ्या दृष्टीने त्या लेखनाचे बळ निराळ्या ठिकाणी आहे. पदवी खरी होती, तिच्या अंगाला लागलेली होती, आणि ती जगण्याच्या कामाला येणार नाही अशी तजवीज केलेली होती. सत्काराचा हार हा त्या तजविजीचा भाग होता. हे बाईंनी ओळखले. ज्या दिवशी नोकरी मिळते त्या दिवशीही त्या आनंदाने वाहून जात नाहीत, हिशेब मांडतात. आपल्या पुष्कळ आत्मकथनांत यशाचा प्रसंग आला की लेखक हिशेब विसरतो आणि आभार मानू लागतो. ‘अंतःस्फोट’ मोठे ठरते ते येथे.

हा शब्द घेऊन साहित्याबाहेर पाहिले तर आमच्याच जिल्ह्यात त्याचा सर्वांत मोठा दाखला सापडतो. मे १९५४ मध्ये भंडाऱ्याला लोकसभेची पोटनिवडणूक झाली. तेव्हा भंडारा जिल्हा मध्य प्रदेशात होता आणि गोंदियाही त्यातच होता. मतदारसंघ दोन जागांचा. एक सर्वसाधारण, एक राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मते. राखीव जागेसाठी बाबासाहेब उभे होते. १९५२ साली मुंबईत काजरोळकरांनी त्यांचा पराभव केला होता. राज्यघटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष, देशाचा पहिला कायदामंत्री, दोन वर्षांत दुसऱ्यांदा, पूर्वास्पृश्यांसाठी राखून ठेवलेली जागा मागत होता. सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता निवडून आले. राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर निवडून आले. बाबासाहेब पडले.

त्या निवडणुकीच्या आठवणींत असे सांगितले जाते की फेडरेशनच्या कार्यकर्त्यांनी दुसरे मत कुजवावे, म्हणजे एकच मत बाबासाहेबांना देऊन दुसरे कोणालाच देऊ नये, असा आग्रह धरला होता, आणि बाबासाहेबांनी तो मानला नाही. घटनेने दिलेले मत कुजवा असे घटना लिहिणाऱ्याने कसे सांगावे? आमच्या जिल्ह्यातले म्हातारे कार्यकर्ते ही गोष्ट सांगत, आणि सांगताना त्यांचा आवाज अभिमान आणि चीड यांच्या मधोमध कोठेतरी अडकत असे.

राखीव जागा ही आमच्या अंगाला लावलेली होती यात शंका नाही. पण ती कोणी लावली, आणि कोपराला का लावली? त्यासाठी १९३२ कडे जावे लागते. ऑगस्टमध्ये मॅक्डोनल्डचा निवाडा आला. त्यात अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ होते आणि शिवाय सर्वसाधारण मतदारसंघात मत होते. प्रांतिक कायदेमंडळांत जागा ७१. गांधीजींनी २० सप्टेंबरला येरवड्यात उपोषण सुरू केले आणि २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. जागा ७१ च्या १४८ झाल्या. दुपटीहून अधिक! आजही शाळा-कॉलेजांत हा आकडा आमच्यावर केलेला उपकार म्हणून सांगितला जातो. परंतु स्वतंत्र मतदारसंघ गेले. चार उमेदवारांची निवड आमच्या मतदारांनी करायची आणि त्यांतला एक सर्वांनी मिळून निवडायचा, असे ठरले. पुढे घटना अमलात आली तेव्हा ही पहिली फेरीही उरली नाही. १९४६ च्या निवडणुकीत त्या पहिल्या फेरीत पुढे असलेले फेडरेशनचे उमेदवार अंतिम फेरीत पडत गेले, आणि बाबासाहेब त्याचे आकडे देऊन सांगत राहिले की जागा आमची असली तरी निवड आमची नाही.

गूळ दुप्पट झाला तो अशा रीतीने. मनगटावरचा पुसला आणि कोपरावर दोन बोटे जास्त लावला. मनगटावरचा थोडा होता, पण तेथे जीभ पोचत होती.

मी हा वाक्प्रचार वर्गात समजावून देत असताना एका मुलीने विचारले होते, ‘सर, पण दुसऱ्याची जीभ पोचते की!’ वर्ग हसला. ती कोणत्याही हेतूने बोलली नव्हती, तिला फक्त शंका आली होती. परंतु त्या शंकेने मला जे दाखवले ते कोशांनी दाखवले नव्हते. माझ्या कोपरावरचा गूळ अप्राप्य आहे तो फक्त मला. दुसऱ्या कोणालाही तो सहज चाटता येतो, आणि तोंड माझ्या कोपराला लावलेले असल्यामुळे लांबून पाहणाऱ्याला वाटते की मला भरवणे चालले आहे. राखीव जागेवर निवडून येण्यासाठी ज्यांची मते लागतात त्यांची मर्जी सांभाळणारा उमेदवार, आमच्या नावाने मंजूर झालेली विहीर, गाय, शिलाई यंत्र कागदावर आणून मधल्यामध्ये जिरवणारा दलाल, मागासवर्गीयांच्या नावाने संस्था काढून अनुदान उचलणारा संस्थाचालक, हे सगळे माझ्या कोपराशी वाकलेले आहेत. १९५४ साली राखीव जागा रिकामी राहिली नव्हती. भरली गेली होती.

त्याच शंकेची दुसरीही बाजू आहे. माझ्या कोपरापर्यंत तुझी जीभ पोचते आणि तुझ्या कोपरापर्यंत माझी. एकेकट्याने मान वळवत बसलेल्या माणसांना हे सुचत नाही. दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात, १९५९ साली आणि पुन्हा १९६४-६५ साली, हजारो माणसे तुरुंगात गेली. त्यांतल्या कित्येकांना स्वतःसाठी एक गुंठाही मिळायचा नव्हता. शेजारच्या गावातल्या गायरानावर शेजारच्या गावातल्या माणसाचे नाव लागावे म्हणून ते गेले. त्यानंतर आमची चळवळ किती गटांत फुटली हे मी सांगत बसत नाही. प्रत्येक गट आपापली मान वळवतो आहे.

अमेरिकेतल्या काळ्या माणसांचा इतिहास आपल्याकडे पँथरच्या काळापासून वाचला जातो, म्हणून एक गोष्ट येथे नोंदवतो. जानेवारी १८६५ मध्ये सेनापती शेरमन याने किनाऱ्यावरची जमीन मुक्त झालेल्या गुलामांना प्रत्येक कुटुंबास ४० एकरपर्यंत देण्याचा हुकूम काढला. ‘चाळीस एकर आणि एक खेचर’ हा शब्दप्रयोग त्यातून रूढ झाला. माणसांनी नांगर धरला. त्याच वर्षी लिंकनची हत्या झाली, नवा अध्यक्ष जॉन्सन याने जमिनी जुन्या मालकांना परत देवविल्या. हा प्रकार कोपराच्या गुळाचा नव्हे. येथे तोंडातला घास काढून घेतला. दोन्हींना एकच नाव देण्याची घाई करू नये. काढून घेतलेल्या घासाची चव तरी माहीत असते, आणि चव माहीत असलेला माणूस निराळ्या तऱ्हेने भांडतो.

शब्द मापाने वापरला पाहिजे, हे आमच्या कार्यकर्त्यांना मुद्दाम सांगावेसे वाटते. अलीकडे व्यासपीठावरून सगळ्यालाच गूळ लावल्याचे म्हणण्याची सवय वाढली आहे. शिक्षण म्हणजे गूळ, शिष्यवृत्ती म्हणजे गूळ, नोकरीतले आरक्षण म्हणजे गूळ. हे खरे नाही. मिलिंद महाविद्यालयात शिकून बाहेर पडलेल्या पिढीने तो गूळ खाल्ला आहे. मी खाल्ला आहे. नोकरीतल्या आरक्षणाने आमच्यातली काही हजार घरे उभी राहिली आणि हे मासिके-त्रैमासिके वाचणारे डोळेही त्यातूनच तयार झाले. जे हाताला लागले त्यालाही कोपराचा गूळ म्हटले की ते काढून घेऊ पाहणाऱ्यांचे काम सोपे होते. ‘तुम्हीच म्हणता उपयोग नाही, मग ठेवायचे कशाला?’ हा शब्द फक्त तेथे वापरावा जेथे वस्तू आमच्या नावावर आहे, ती आमच्यापर्यंत येणार नाही अशी मांडणी कोणीतरी केलेली आहे, आणि ती मांडणी करणारा दिल्याचे श्रेयही घेतो आहे.

गोसीखुर्दच्या बाबतीत मी तो बेधडक वापरतो. पवनी तालुक्यात वैनगंगेवर हे धरण. राजीव गांधींच्या हस्ते २२ एप्रिल १९८८ रोजी भूमिपूजन झाले. मूळ अंदाज ३७२ कोटींचा, सिंचनाचे उद्दिष्ट २,५०,८०० हेक्टरांचे. २००९ मध्ये राष्ट्रीय प्रकल्प जाहीर झाला. खर्च हजारो कोटींवर गेला, कालव्यांची कामे दशकानुदशके रेंगाळली. भिंत उभी आहे, पाणी अडले आहे, गावे बुडाली आहेत. आणि त्या पाण्यात नागपूर शहराची घाण नाग नदीतून, कन्हानमधून येऊन साचते. येथे टँटलसही कमी पडतो. त्याच्यापुढचे पाणी निदान स्वच्छ असावे.

एक आक्षेप बौद्ध म्हणवणाऱ्यांकडूनच येतो, म्हणून त्याला उत्तर दिले पाहिजे. तृष्णा हेच दुःखाचे मूळ असेल तर गुळाची इच्छाच का करावी? जीभ आवरावी, म्हणजे कोपराला काय लागले आहे याचे दुःख उरणार नाही. ऐकायला हे शहाणपणाचे वाटते. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’च्या प्रास्ताविकातच चार आर्यसत्यांविषयी प्रश्न उपस्थित केला आहे. जीवन दुःख, मरण दुःख, पुनर्जन्म दुःख, असे सांगणारा धर्म माणसाला आशा काय देणार, आणि ही सत्ये बुद्धाच्या मूळ शिकवणीतली आहेत की भिक्षूंनी नंतर घातलेली, असे त्यांनी विचारले. हा प्रश्न विचारणारा माणूस उपाशी माणसाला जीभ आवरायला सांगेल हे मला पटत नाही. धनिकाची हाव आणि भूमिहीनाची दोन एकरांची मागणी या दोहोंना एकच तृष्णा म्हणणारा धम्म समजलेला नाही. लावणाऱ्याच्या मनात काय आहे याची चौकशी या उपदेशात कधीच होत नाही.

हा शब्द जेथे तुटतो ती जागाही दाखवली पाहिजे. कोपराला गूळ लावणे हा खेळ आहे, क्रूर असला तरी खेळ. तो चालतो जीभ पोचत नाही तोवर. मान पार वळवून, खांदा उखडून, एखाद्याने जीभ पोचवलीच तर भोवतीचे हसणे थांबते. त्यानंतर जे होते त्याला मराठीत वाक्प्रचार नाही.

मोहाडी तालुक्यातील खैरलांजीत भोतमांगे कुटुंब स्वतःची जमीन कसत होते. मुलगी शिकत होती. सुरेखाबाई आपल्या जमिनीतून वाट काढण्याच्या प्रश्नावर गावापुढे नमत नव्हत्या, आणि एका मारहाणीच्या प्रकरणात त्यांनी पोलिसांपुढे साक्ष दिली होती. जमिनीचा हक्क, शिक्षणाचा हक्क, साक्षीचा हक्क, हे सगळे कायद्यात होतेच. कायदा तसा सर्वांच्याच कोपराला लावलेला असतो. त्यांनी तो वापरायला काढला. २९ सप्टेंबर २००६ रोजी सुरेखा, प्रियंका, सुधीर आणि रोशन यांची गावाने हत्या केली. तीन दिवसांनी, विजयादशमीला, नागपूरला दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तनाच्या पन्नासाव्या वर्षाचा लाखोंचा मेळा भरला होता. खैरलांजी तेथून फार लांब नाही. त्या गर्दीतल्या बहुतेकांना काहीच ठाऊक नव्हते.

त्यानंतर लोक रस्त्यावर आले तेव्हा अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे नाव सर्वांच्या तोंडी होते. हा कायदा १९८९ चा. नेमक्या अशाच प्रसंगासाठी केलेला. भंडाऱ्याच्या न्यायालयाने सप्टेंबर २००८ मध्ये आठ जणांना दोषी ठरवले. सहा जणांना फाशी, दोघांना जन्मठेप. तिघे सुटले. फाशीच्या बातमीने अनेकांचे समाधान झाले आणि निकालातला दुसरा भाग त्यांनी वाचलाच नाही. अत्याचार प्रतिबंधक कायदा या हत्याकांडाला लागू होत नाही, असे न्यायालयाने म्हटले होते. जातीच्या कारणाने हे घडल्याचे सिद्ध झाले नाही. १४ जुलै २०१० रोजी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीच्या शिक्षा रद्द करून २५ वर्षांच्या कारावासाच्या केल्या, आणि तो कायदा तेव्हाही लागला नाही. त्या दिवशी घरापासून दूर राहिल्यामुळे वाचलेले भैयालाल भोतमांगे जातीचा उल्लेख निकालात यावा म्हणून न्यायालयाच्या पायऱ्या चढत राहिले. २० जानेवारी २०१७ रोजी नागपुरात त्यांचा मृत्यू झाला. तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पडून होते.